सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोजवुडला नाही

संपादक महोदय,

मी जुन्या गिटारी दुरुस्त करते. माझ्याकडे येणाऱ्या गिटारींपैकी पुष्कळशा विकायला काढलेल्या असतात आणि गिऱ्हाईक बहुधा परदेशात असते. अशा वेळी मालक हमखास विचारतात, "आता वाद्यांना परवाना लागत नाही ना?" ही समजूत अर्धीच खरी आहे आणि तिच्या भरवशावर पन्नास-साठ वर्षांची वाद्ये सरळ कुरियरने रवाना होत आहेत, म्हणून हे पत्र.

धोक्यात आलेल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या १९७३ च्या कराराचे नियंत्रण आहे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वंशातली रोजवुडची (म्हणजे शिसवीच्या कुळातली) सगळी झाडे, सुमारे ३०० जाती, या कराराच्या परिशिष्ट २ खाली, म्हणजे परवान्यावरच व्यापार करता येणाऱ्या जातींच्या यादीत आली. मग आफ्रिकन ब्लॅकवुडची क्लॅरिनेट असो की गिटारच्या फिंगरबोर्डची, म्हणजे तारा बोटांनी दाबतात ती पट्टी, विक्रीसाठी सीमा ओलांडायची तर कागद हवा असे झाले. वादक आणि वाद्य बनवणारे सगळेच हैराण झाले. अखेर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे तयार सुटे भाग यातून वगळले गेले. योग्यच झाले. एका क्लॅरिनेटला लाकूड ते कितीसे लागते?

मात्र ब्राझिलियन रोजवुड, म्हणजे डालबर्जिया नायग्रा, ११ जून १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे आणि २०१९ ची सूट त्याला लागू नाही. पंचाईत अशी, की ज्या जुन्या गिटारींना आज मागणी आहे, नेमके त्यांच्यातच हे लाकूड असते. मार्टिन या अमेरिकन कंपनीने डी-२८ सारख्या मॉडेलच्या गिटारींच्या पाठीला आणि कडांना १९६९ पर्यंत हेच लाकूड वापरले, नंतर ती भारतीय रोजवुडकडे वळली. म्हणजे १९६५ ची गिटार अडकते आणि १९७५ ची, इतर भागांत काही वावगे नसेल, तर सुटते.

"पण वाद्य तर कायद्याच्या आधीचे आहे!" असे मालक म्हणतात. खरे आहे, आणि करारात त्याची सोयही आहे. लाकूड यादीत येण्यापूर्वीचे आहे अशी निर्यात करणाऱ्या देशाच्या प्राधिकरणाची खात्री पटली, तर ते तसे प्रमाणपत्र देते. मात्र ते माल निघण्याआधी हातात पडावे लागते. शिवाय काही देश आपल्या बाजूने आयातीचा वेगळा परवानाही मागतात. वाद्य जुने असून भागत नाही, ते जुने असल्याचा पुरावा लागतो.

हा पुरावा गोळा करण्यात माझा बराच वेळ जातो. साउंडहोलमधून, म्हणजे गिटारच्या पुढच्या गोल भोकातून, छोटा आरसा आणि दिवा आत घालून मी आधी नंबर वाचते. मार्टिनमध्ये तो मानेच्या ठोकळ्यावर ठसवलेला असतो आणि त्यावरून साल कळते. मग पाठीचे लाकूड आतून पाहते. ब्राझिलियन रोजवुडमध्ये पुष्कळदा कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषा दिसतात, उघड्या लाकडावर कानस फिरवली की गोडसर वास येतो. तरी निव्वळ डोळ्यांवर आणि नाकावर मी कोणाला लेखी देत नाही, कारण भारतीय रोजवुडचा एखादा तुकडा चांगल्या जाणकारालाही चकवतो. साल, मॉडेल, जुनी पावती, वाद्य हातात घेतलेला जुना फोटो, हे सगळे जुळले तरच अर्जात दम येतो.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी वडिलांची गिटार अशीच परदेशी विकली. माल पाठवणाऱ्याने कागदावर "लाकडी गिटार" एवढेच लिहिले, झाडाचे शास्त्रीय नाव नाही, प्रमाणपत्र नाही. पलीकडच्या कस्टम्सने ती अडवली. मागाहून काढलेला कागद सहसा चालत नाही, तसा इथेही चालला नाही. गिऱ्हाइकाचे पैसे परत करावे लागले, गिटार मात्र अजून तिकडेच आहे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. वादकांसाठी २०१३ पासून वाद्य-प्रमाणपत्राची सोय आहे. ते तीन वर्षांपर्यंत चालते, पण आपले वाद्य बरोबर नेऊन परत आणण्यासाठी. त्यावर वाद्य विकता येत नाही. आणि लाकूड निस्तरले तरी नट किंवा सॅडल (तारा ज्यांवर टेकतात त्या दोन टोकांच्या पट्ट्या) हस्तिदंताचे असेल, तर तो प्रश्न वेगळा उभा राहतो. २०१४ मध्ये बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे सात बो (व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवायचे गज) न्यूयॉर्कच्या विमानतळावर हस्तिदंताच्या संशयावरूनच जप्त झाले होते.

काही मालक ब्राझिलियन रोजवुडचा ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) काढून दुसरा बसवून द्या म्हणतात. मी ते काम घेत नाही. पाठ आणि कडा त्याच लाकडाच्या असतील तर त्याने काही साधत नाही, आणि धडधाकट मूळ भाग उपटणे म्हणजे वाद्याची हानीच.

कायदा सैल करा असे माझे म्हणणे मुळीच नाही. हे झाड ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातले, आणि ते जंगल बहुतेक तुटून गेले आहे. आज तोडलेले लाकूड "जुना साठा" म्हणून खपवणे सोपे, त्यामुळे पुरावा मागितलाच पाहिजे. पण तो एकदा तपासून मान्य झाल्यावर त्या वाद्याच्या नंबराशी जोडलेली कायमची नोंद का असू नये? आज तेच वाद्य पुन्हा विकून सीमेपार पाठवायचे तर नव्या मालकाला पुन्हा नवा कागद काढावा लागतो. अशी नोंद सगळ्या सदस्य देशांनी मानावी. तोवर, जुनी वाद्ये ऑनलाइन विकणाऱ्या संकेतस्थळांनी आणि कुरियरवाल्यांनी माल स्वीकारतानाच लाकडाची जात आणि वाद्याचे साल विचारावे. हे दोन रकाने अर्जात आजही घालता येतील.

आपली,
जुन्या गिटारी दुरुस्त करणारी एक वाचक