घरट्यांऐवजी गळालेली पिसे टिपावीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचकांनी टिपलेली पक्ष्यांची छायाचित्रे आपल्या रविवार पुरवणीत नियमाने येतात, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र त्यांतली बरीचशी घरट्यातल्या पिल्लांची असतात. ती टिपण्यासाठी आडोशाच्या फांद्या वाकवल्या जातात, आणि माणूस तिथून हलेपर्यंत आई-बाप चारा घेऊन लांबच ताटकळत बसतात. म्हणून माझी विनंती आहे की, ती जागा गळालेल्या पिसांच्या अगदी जवळून घेतलेल्या, म्हणजे मॅक्रो, छायाचित्रांना द्यावी.

मी यावल तालुक्यात विज्ञान शिकवतो. मागच्या हिवाळ्यात कपाशीच्या बांधावर, विजेच्या तारेखाली, आमच्या मुलांना नीलपंखाचे एक पीस सापडले. खाली काळी पाटी, वाऱ्याला आडोसा म्हणून दोन दप्तरे, कडक ऊन मवाळ व्हावे म्हणून वर धरलेला ट्रेसिंग पेपर आणि मोबाइलवर चिमट्याने बसणारे मॅक्रो भिंग, एवढ्या तयारीवर मधल्या दांड्याला फुटलेला दोरा न् दोरा स्पष्ट दिसू लागला. मग एका मुलीने ते पीस चिमट्याने उचलून उजेडाच्या वाटेत धरले, आणि प्रकाश मागून येताच निळा रंग नाहीसा होऊन नुसता धुरकट तपकिरी उरला. या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. दोऱ्यांच्या आतल्या सच्छिद्र, अतिसूक्ष्म रचनेवरून निळा प्रकाश तेवढा आपल्याकडे परततो आणि खालचे मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बाकीचा शोषून घेते. मोरपिसाचे रंगही मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्यांच्या ठेवणीतून येतात. मी हे फळ्यावर अनेकदा शिकवले होते, पण मुलांना ते खऱ्या अर्थाने कळले त्या बांधावर.

या कामात खरी अडचण फोकसची. वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची म्हटले, की जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते, आणि पीस तर वक्र असते. त्यामुळे कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवून, फोकस कणाकणाने सरकवत दहा-वीस छायाचित्रे घ्यावी लागतात व ती संगणकावर एकत्र जोडावी लागतात. घुबडाच्या पंखातल्या बाहेरच्या पिसाची कंगव्यासारखी दातेरी कड या पद्धतीने टिपली, तर त्याचे उडणे ऐकू का येत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

पक्षी असा जवळून न्याहाळण्याचे मोल खानदेशाला तरी सांगायला नको. १८८४ नंतर रानपिंगळ्याचा, म्हणजे एका छोट्या घुबडाचा, खात्रीचा नमुना (संग्रहासाठी जतन केलेला पक्षी) कुणाला मिळाला नव्हता. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन यांचा दावा तेवढा नोंदलेला होता. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो मुळात जेम्स डेव्हिडसन या जुन्या संग्राहकाने खानदेशात मिळवलेला व पुढे चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला गेला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा दिसला.

दोन पथ्ये मात्र पुरवणीत ठळकपणे छापावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची पिसे बाळगण्यावर बंधने आहेत (मोराच्या गळालेल्या पिसांना सवलत आहे), तेव्हा पीस जिथे सापडले तिथेच टिपून तिथेच ठेवावे. आणि मेलेल्या पक्ष्याजवळच्या पिसाला हात लावू नये. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एरवीही पीस चिमट्यानेच उचलावे व नंतर साबणाने हात धुवावेत.

छायाचित्रासोबत ठिकाण आणि तारीख मागवावी, तसेच पिसाशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायला सांगावे, म्हणजे जाणकारांना पक्षी ओळखता येईल. हतनूर धरणाच्या काठापासून धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणापर्यंत अशी पिसे रोज गळतात. आपण जागा देणार असाल, तर आमच्या शाळेतली मुले पहिल्या आठवड्यापासून छायाचित्रे पाठवतील.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
यावल तालुका, जि. जळगाव