करिअर शिक्षण इतिहास-भूगोलाच्या तासाला होऊ द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाखा निवडायची वेळ आली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘इतिहास-भूगोल घेऊन पुढे करणार काय?’ त्यावर शाळेचे उत्तर म्हणजे वर्षाकाठी एक मार्गदर्शन शिबिर. पाहुणे येतात, पत्रके वाटतात, जातात. आता करिअर शिक्षणाचा वेगळा विषय आणावा, अशी मागणी जोर धरते आहे. मी सामाजिक शास्त्रे शिकवतो आणि माझी विनंती नेमकी उलट आहे. नवा विषय नको, हे काम आमच्याच तासात होऊ द्या.

भूगोलात आम्ही नकाशावाचन शिकवतो. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली आणि ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती एकवटलेली दिसली. हा प्रसंग सांगून थांबायचे, की आज असे नकाशे कोण करते, साथरोगतज्ज्ञ आणि नगररचनाकार ते कसे वापरतात, हेही विचारायचे? दुसऱ्या प्रश्नाला जास्तीची दहा मिनिटे लागतात.

पण व्यवसायांची नावे सांगणे हा यातला सोपा भाग झाला. आमच्या विषयाचे खरे बळ वेगळेच आहे. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात लडाइट येतात. १८११ पासून इंग्लंडमध्ये यंत्रे फोडणारे हे कारागीर मुलांना अडाणी वाटतात. प्रत्यक्षात त्यातले बरेच जण आपल्या कामात तरबेज होते. राग होता तो यंत्रांच्या आडून मजुरी पाडण्यावर आणि निकृष्ट माल काढण्यावर. १८१२ मध्ये यंत्र फोडण्याला थेट फाशीची शिक्षा ठेवली गेली. एखादे कौशल्य कवडीमोल का होते, नफा कोणाकडे जातो, कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे ज्याला कळले तो स्वतःचा पेशाही डोळसपणे निवडेल. हे कोणतीही कलचाचणी शिकवत नाही.

शाळांतल्या चांगल्या करिअर मार्गदर्शनासाठी इंग्लंडमध्ये २०१४ साली मांडलेल्या ‘गॅट्सबी’ निकषांमध्ये शालेय विषयांची करिअरशी सांगड हा आठपैकी एक निकष आहे. म्हणजे कल्पना जगावेगळी नाही.

एक भीती मात्र आहे. ज्या धड्यातून नोकरी दिसत नाही तो वगळा, असा अर्थ कोणी काढला तर नागरिकशास्त्राचा पहिला बळी जाईल. तसे होणार नाही, हे परिपत्रकातच लिहा. बाकी मागणे थोडे आहे. पाठ्यपुस्तकात प्रत्येक घटकाला कामाच्या जगाशी जोडणारा एक उपक्रम द्या आणि त्याला गुण ठेवू नका. शिक्षक प्रशिक्षणात अभिलेखपाल, सर्वेक्षक, कामगार कायद्याचे वकील यांना आमच्यासमोर बसवा. आणि अभ्यासक्रमातले दोन-तीन घटक कमी करा, कारण त्या दहा मिनिटांची सोय तिथूनच व्हायची आहे.

आपला,
एक सामाजिक शास्त्र शिक्षक