सोनू, त्या ऑल-व्हील ड्राइव्हचं काय ते एकदा ठरव

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस "पप्पा नवी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला अजून चार महिने थांबते, ऑल-व्हील ड्राइव्ह येणारे म्हणतात", म्हणजे चारी चाकांना जोर देणारी, आणि मी नुसतं बरं म्हणून फोन आईकडं दिला. तुझ्या मागं हॉर्न वाजत होते, सिग्नलला उभी होतीस वाटतं, अन् मला फोनवर असल्या गोष्टी बोलायला जमत नाही. म्हणून हे मोबाईलवर एका बोटानं टाइप करायलोय, चुका असतील, समजून घे. आई म्हणती पत्र कशाला लिहिताय व्हॉइस नोट पाठवा. पाठवत नाही.

आधी माझी बाजू ऐक. चौतीस वर्षं एसटीच्या गाड्यांखाली आडवा पडून काढली आणि त्या सगळ्या मागच्या चाकावर चालणाऱ्या. पुढं इंजिन, तिथनं मागंपर्यंत जोर नेणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्ट, मधी जॉइंट, मागं हौसिंगमध्ये चाकं फिरवणारे क्राउन-पिनियनचे गिअर, हे सगळं अंधारात हातानं चाचपून सांगितलं असतं मी. नवरात्रात तुळजापूरचा घाट, आत साठ-सत्तर माणसं, टपावर बोचकी, तरी गाडी चढायची. का चढायची, तर चढावर वजन मागं सरकतं आणि ढकलणारी चाकं मागंच असतात. तुझ्या आत्ताच्या डिझेल गाडीचं उलटं आहे, ती पुढच्या चाकानं ओढती, चढावर पुढचं हलकं होतं आणि चाक फुकट फिरतं. तुला हे माहीत नाही असं नाही, तू इंजिनियर आहेस, पण अनुभवलंय मी.

आता इलेक्ट्रिकचं गणित वेगळं आहे हे मी मान्य करतो. मागच्या महिन्यात होटगी रोडनं येताना शोरूममध्ये शिरलो होतो, आईला सांगितलं नाही. हॅरियर ईव्ही उभी होती, दोन मोटरवाली. तिथल्या पोराला म्हटलं मला आतनं नको दाखवू, खालनं बघू दे. ते पोरगं बघतच राहिलं. मी पांढऱ्या पायजम्यावर फरशीवर बसलो आणि मान वाकडी करून बघितलं तर खाली काय, सपाट पत्रा! ना शाफ्ट ना जॉइंट ना कुठं ग्रीस. पुढच्या अॅक्सलला एक मोटर, मागच्याला एक, मधी नुसती बॅटरी आणि पुढच्या-मागच्या चाकांना किती जोर द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. खरं सांगू, जरा वाईटच वाटलं. आमच्यासारख्यांनी खाली पडून बघायचं काय राहिलंच नाही की.

पण बघ, त्या गाडीचे आकडे मी वहीत लिहून आणलेत. मोठी ७५ किलोवॅट-तासाची बॅटरी, दोन्हीत तेच एम्पॉवर्ड नावाचं व्हेरिएंट, २०२५ मध्ये आली तेव्हा मागच्या चाकावरची २७.४९ लाख आणि चारी चाकांची २८.९९ लाख, एक्स-शोरूम. म्हणजे फरक दीड लाखाचा. रेंज, म्हणजे एका चार्जवर किती पळती ते, कंपनीच्या कागदावर ६२७ आणि ६२२ किलोमीटर, म्हणजे काय फरकच नाही (कागदावरचं कागदावरच ठेव, रस्त्यावर चारशे-साडेचारशे धर). आणि चारी चाकांचीला शंभरचा स्पीड ६.३ सेकंदात. शंभर! ६.३ सेकंदात! इथं सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात त्याचं काय करायचं ते सांग मला.

तुला ती मोठी वाटती, तुझ्या सोसायटीच्या पार्किंगात बसत नाही म्हणतीस, ठीक आहे. तुला महिंद्राची बीई सिक्स आवडलीय, ती २०२४ च्या नोव्हेंबरात आली ती मागच्या चाकावरच आली. आणि तू चारी चाकांची येईल म्हणून थांबायलीस. कोण म्हणतं येईल? तुझ्या ऑफिसातला पोरगा म्हणतो. मागच्या दिवाळीतही तोच म्हणत होता.

आता एक गोष्ट वर्कशॉपवाल्याचं म्हणून ऐकून घे. चारी चाकांना जोर मिळाला म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना असतो. पावसात वळणावर धरून ठेवतो तो टायर, मोटर नाही. ऑल-व्हीलचा फायदा आहे तो गाडी जागची हलवायला, जिथं चाक घसरतंय तिथनं सुटायला, आणि जोरात पळवायला. बस्स. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर हायवे, पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, चार टोल भरत सरळ सपाट यायचं, त्यात तुझं चाक घसरणार कुठं? भिगवणला मासे खाताना?

आणि सोनू, मला माहितीय तू का थांबायलीस. ऑफिसातल्या पोरामुळं नाही. मागच्या वर्षी ऑगस्टात रानात गाडी रुतली त्यामुळं.

ते मी विसरलो नाही. डांबरी सोडून पाणंदीत शिरलीस, मी म्हणत होतो इथंच लाव, आणि शेवटच्या दीडशे फुटात गाडी बसली. काळी माती तुला वरनं वाळलेली दिसली, खाली नुसता लोण्यासारखा चिखल. तू रेस दिलीस, चाक फिरलं आणि टायरच्या सगळ्या खाचा भरून टायर कसा गुळगुळीत झाला, बघितलास ना? मी ढकलायला उतरलो तर चप्पल आत राहिली आणि पाय वर आला. दोन वर्षांचं पोर मागच्या सीटवर रडायला लागलेलं, जावईबापू पुण्यात, आणि शेजारच्याचा ट्रॅक्टर यायला दीड तास. तू तेव्हा काय बोलली नाहीस पण स्टेअरिंगवर तुझे हात थरथरत होते ते मी काचेतनं बघितलं. त्यानंतर तू रानात आलीच नाहीस. हुरड्यालाबी नाही आलीस.

आता मला सांग, दुसरी मोटर असती तर निघाली असती का? मला नाही वाटत. त्या टायरवर चारी चाकं फिरली असती आणि चारी भरली असती, आणि बॅटरीमुळं गाडी अजून जड, म्हणजे अजून खाली बसली असती. तो ट्रॅक्टर ज्यानं काढलं तो टू-व्हील ड्राइव्ह होता गं! मागं मोठी खाचांची चाकं, टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं. चिखलात काम करतो तो असला मोठा खाचांचा टायर आणि त्याच्यावरचं वजन, बारक्या टायरवर वजन गाडीला नुसतं खाली बसवतं, आणि तसले टायर शहरी गाडीला जमणारी गोष्ट नाही.

पाण्याचंही तेच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, तेव्हा काय केलं लोकांनी? थांबले. तसल्या पाण्यात गाडी घालायचीच नसते, मग ती कुठल्याबी चाकावर चालू दे.

हां, तुम्ही दोघं दरवर्षी म्हणता तसं खरंच स्पिती-लडाखला स्वतःच्या गाडीनं जाणार असाल, बर्फात, तर मग थांब, तिथं दुसरी मोटर उपयोगी पडती, मी नाही म्हणणार नाही. पण गेल्या सहा वर्षांत तुम्ही गेलात कुठं, महाबळेश्वर.

थांबण्याचाही खर्च आहे तो धरलास का? महिन्यात दोनदा सोलापूर म्हणजे येणं-जाणं हजार किलोमीटर. डिझेलला सहा हजार तरी जातात तुझे. इलेक्ट्रिकला घरच्या मीटरवर चार्ज केलं तर दोन हजारात होईल, वाटेतल्या फास्ट चार्जरवर महाग पडतं तरी डिझेलएवढं नाही. आणि ती जुनी गाडी क्लच मागायलीय, मला आवाजावरनं कळतंय, फोनवरबी कळलं.

इथं घरी चार्जिंगचं मी बघतो. लोड वाढवायचा अर्ज भरून ठेवलाय, वायरमन येऊन जाडी वायर किती लागती ते मोजून गेला. पोर्चमध्ये पॉइंट काढतो, रात्री लावली की सकाळी भरलेली. उन्हाळ्यात दुपारी नको लावू, इथं बेचाळीस-त्रेचाळीस जातं, गार झाल्यावर लावायची.

आणि पाणंदीचं मी काल मुरूमवाल्याशी बोललोय. दीडशे फूट, आठेक ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतील म्हणाला. आधी खाली दगड टाकतो, नाहीतर काळी माती मुरूम गिळून टाकती, मग मुरूम, आणि त्याच ट्रॅक्टरनं दाबून घेतो. शेजारचा अर्धे पैसे द्यायला तयार आहे, त्यालाबी ऊस काढायचाय. पावसाच्या आत होईल.

शेंगाची चटणी केलीय, आईनं डबा भरून ठेवलाय. कुणी येणारं असेल तर सांग, नाहीतर तूच ये, गाडी कुठलीबी असू दे.

तुझे
पप्पा