मुंगूस, गोडाऊन आणि रविवारची सकाळ

विश्रामबाग, सांगली
रविवार, दुपार

प्रिय बाळू,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. "रिटायर झालेली माणसं काशीला जातात, तुम्ही म्हातारे डिक्शनऱ्या उघडून कसले बसता?" असं विचारलंयस. विचारलंयस कसलं, हिणवलंयस. पण हे बोलायचा अधिकार जगात एकाला नसेल तर तो तुला नाही. नववीत मुंगसाचं इंग्रजी अनेकवचन सांगताना मास्तर म्हणाले, गूजचं गीज, तसं मंगूजचं मंगीज. तू उभा राहून म्हणालास, नाही, मंगूजेस. तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभा राहिलास आणि मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली धपाटी खाल्लीस. आठवतंय?

तर ऐक, बरोबर तूच होतास. आणि का बरोबर होतास, ते ना तुला ठाऊक होतं ना मास्तरांना. त्या शब्दाचा हंसाच्या गूजशी काडीचा संबंध नाही. तो आपला मुंगूस आहे! इंग्रजांनी तो मराठीतून उचलला आणि त्यांच्या कोशातही मूळ मराठी म्हणूनच नोंदलाय. हे कळलं त्या रविवारी मी अर्धा तास चहाला शिवलो नव्हतो. तुला फोन करणार होतो, मग म्हटलं पत्रातच लिहू, फोनवर तू मध्येच बोलतोस.

आमचा रविवार असा. सकाळी आयर्विन पुलापर्यंत फिरणं, येताना गणपतीचं दर्शन आणि मग देवळाजवळच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल. पाच-सहा जण. मिरजेचे एक डॉक्टर, मार्केट यार्डातले हळदीचे अडते (त्यांना आम्ही काकाच म्हणतो), कडेगावचे निवृत्त गुरुजी, फौजेतून आलेले सुभेदार, इंग्रजी घेऊन एम. ए. करणारी डॉक्टरांची भाची आणि मी. इंग्रजी सगळ्यांत कच्चं काकांचं, आणि सगळ्यांत जास्त वेळा पैज जिंकतात तेच.

परवाचंच सांगतो. काका सहज म्हणाले, "माल गोडाऊनला टाकला." गुरुजींनी लगेच सांगितलं की माल खाली उतरवायचा म्हणून ते गो-डाऊन. लहानपणापासून आपणही हेच समजत आलो की नाही? डॉक्टरांची भाची हसली. म्हणाली, हे साहेबाच्या कानानं केलेलं नाटक आहे. शब्द मलायकडचा, गुदांग, आणि त्याच्याही मागे बहुतेक आपल्याच दक्षिणेतला तेलुगू-तमिळ शब्द. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून तो इंग्रजांकडे आला. त्यांना त्यात ओळखीचं 'गो' आणि 'डाऊन' ऐकू आलं, झालं. आपलं गुदाम त्याच गोतावळ्यातलं. गुरुजींचा चेहरा पडला. साठ वर्षं जपलेली व्युत्पत्ती एका पोरीनं चहा गार व्हायच्या आत मोडीत काढली.

तेवढ्यात काका म्हणाले, "गुरुजी चुकले असतील, पण हरिपुरात खरंच खालीच जावं लागायचं की ओ."

आणि मग जे सांगितलं ते मी कुठल्या कोशात वाचलं नसतं. तू हरिपूरला आलायस, कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराला आपण सायकलवरून गेलो होतो. तिथं जमिनीखाली हळदीची पेवं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत खोली एवढी जागा. एकदा हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड नाही, रंग उतरत नाही. उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा आधी निघून जाऊ द्यायची. घाई केलेली माणसं जिवाला मुकलीत. काकांचे वडील पेवाच्या तोंडाशी उकिडवे बसून आतल्या हमालाशी बोलत राहायचे. आवाज येतोय म्हणजे माणूस शुद्धीवर आहे. 2005 च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं खलास केली, आता माल शीतगृहात जातो.

आपण "अफवांचं पेव फुटलं" म्हणतो ना, मी ते जन्मभर लिहीत आलो, पण ते पेव म्हणजे नेमकं काय ते डोळ्यांपुढे त्या दिवशी आलं. हळदीचं इंग्रजी नाव निघालं तेव्हा डॉक्टरांनी शास्त्रीय नाव सांगितलं, कुर्कुमा लाँगा. कुर्कुमा अरबी कुर्कुमवरून, आणि ते आपल्या संस्कृत कुंकुमाचं नात्यातलं. म्हणजे हळदी-कुंकू ही दोन भांडी एका शब्दात! सुभेदार म्हणाले, बायकांना हे आधीपासून ठाऊक असणार, कुंकू हळदीचंच तर करतात.

कोणी म्हणेल, हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतं. सापडतं की. पण मोबाइलला गुरुजींचा पडलेला चेहरा दिसत नाही.

गुरुजींनी उट्टं काढलं पुढच्याच रविवारी. साहेबानं इथल्या बोलीत उचललेल्या शब्दांचा एक जाडजूड कोश आहे, यूल आणि बर्नेल या दोघांचा, 1886 चा. बर्नेल बिचारा तो छापून व्हायच्या आधीच वारला. नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. भाचीला वाटायचं, कोणी दोन गोरे असतील. गुरुजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "तुमचे हॉब्सन आणि जॉब्सन दरवर्षी आमच्या गावात येतात." कडेगावचा मोहरम तू पाहिला नसशील. आभाळाला टेकतील असे उंच ताबूत, त्यांच्या भेटी, आणि मानकऱ्यांत हिंदूही तितकेच. मोहरमच्या मिरवणुकीत "या हसन! या हुसेन!" असा जो पुकारा होतो, तो गोऱ्या सोजिरांच्या कानात शिरला हॉब्सन-जॉब्सन होऊन. त्यावर सुभेदारांनी सांगितलं की आम्हीही काही कमी केलं नाही, रिक्रूटचा रंगरूट आम्हीच केला. त्यांच्या आजोबांच्या पलटणीत तर पहारेकरी अंधारात "हुकुमदार!" म्हणून ओरडायचे. मूळ इंग्रजी प्रश्न, 'हू कम्स देअर?' पन्नास वर्षं माझी समजूत, की हुकुमदार म्हणजे हुकूम देणारा कोणीतरी अधिकारी.

आता माझी फजिती. ही घरातसुद्धा फारशी कोणाला सांगितलेली नाही. बँकेत असताना वरच्या कार्यालयाला मी एक अहवाल पाठवला. त्यात ऐटीत लिहिलं की अमुक कर्जप्रकरणं माझ्या ओव्हरसाइटखाली झाली. मला म्हणायचं होतं देखरेख. वाचणाऱ्यानं वाचलं नजरचूक. आठ दिवसांत खुलासा मागणारं पत्र. गंमत अशी की दोघंही बरोबर! त्या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत आणि ते एकमेकांचे गळे धरतात. सँक्शनचं तसंच. तीस वर्षं मी कर्जं सँक्शन केली, आणि बातम्यांत कुठल्यातरी देशावर सँक्शन लावली म्हणतात तेव्हा त्याचं तोंड बंद केलेलं असतं. लॅटिन मुळात अर्थ होता कायदा पवित्र मानून पक्का करणं. मग त्या कायद्यानं दिलेली मंजुरीही सँक्शन आणि तो मोडल्याबद्दलची शिक्षाही सँक्शन. हे टेबलावर सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे तुमच्या बँकेनं दिलं ते कर्ज का शिक्षा, हे आता कळलं."

भांडणंही होतात. 'प्रीपोन'वरून मी आणि डॉक्टर दोन रविवार धड बोललो नव्हतो. ते म्हणतात, असा शब्दच नाही, भारतीयांनी पोस्टपोनवरून पाडलेला. मी म्हणतो, पाडला तर बरंच केलं, लग्नाची तारीख अलीकडे ओढायला साहेबाकडे एक शब्द तरी होता का? भाचीनं कोश काढून दाखवला की सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत प्रीपोन सापडतो, पण अर्थ 'पुढे मांडणं'. दोघंही म्हणालो, बघ, मी सांगत होतो! वाद तिथंच आहे आणि मिटू नये असं मला वाटतं.

नात्यांच्या बाबतीत मात्र इंग्रजी अगदीच भिकारी, यावर सगळ्यांचं एकमत. मेहुणा, दीर, साडू, सगळ्यांना एकच ब्रदर-इन-लॉ. साडूसाठी आपल्याकडच्या लोकांनी को-ब्रदर काढला, तो मला आवडतो. नवीन फॅशनचे शब्द मात्र मला सोसत नाहीत. पहिला पाऊस पडला की जो तो 'पेट्रिकोर' म्हणतो. दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये घडवलेला शब्द आहे, वाईट नाही, पण मृद्गंध म्हणायला जीभ जड होते का यांची?

दिवाळीनंतर ये. शनिवारी रात्रीच उतर, म्हणजे रविवारी आमच्याबरोबर चालशील. मंगूजेसची गोष्ट मी टेबलावर अजून काढलेली नाही, ती तुझ्याच तोंडून व्हायला हवी. येताना तो जुना कोश आण, माझ्याकडून 1978 साली नेलेला. पहिल्या पानावर माझं नाव आहे. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. भडंगाचे दोन पुडे वेगळे पाठवतोय.

तुझा,
अण्णा

ता. क. हे पत्र हिनं वाचलं. म्हणाली, इतक्या शब्दांत धपाट्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते एकदाही आलं नाही. रविवारी विचारतो.