अणुयुद्धाचा धोका केवळ तणावाच्या दिवसांपुरता नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस सशस्त्र संघर्ष चालला, त्या काळात अण्वस्त्रांचा विषय काही वृत्तवाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर ज्या उथळपणे हाताळला गेला, त्याची अस्वस्थता माझ्या मनातून अजून गेलेली नाही. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या आणि इस्लामाबाद ताब्यात आल्याच्या खोट्या बातम्या दाखवल्या गेल्या. १० मे रोजी सकाळी, अण्वस्त्रांबाबत निर्णय घेणाऱ्या पाकिस्तानच्या ‘नॅशनल कमांड ऑथॉरिटी’ची बैठक बोलावल्याचे वृत्त आले आणि काही वेळाने त्या देशाच्या संरक्षणमंत्र्यांनी ते नाकारले. त्या दिवसांत चांगली शिकलीसवरलेली माणसे एकमेकांना ‘एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे’ असे संदेश पाठवत होती. १० मेच्याच संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली आणि अण्वस्त्रांची चर्चा जवळपास थांबली.

माझी तक्रार या थांबण्याबद्दल आहे. अणुयुद्धाचा धोका तणाव वाढला की निर्माण होतो आणि निवळला की संपतो, अशा समजुतीने आपण बातम्या देतो आणि वाचतो. प्रत्यक्षात ९ मार्च २०२२ रोजी सीमेवर कोणताही विशेष तणाव नसताना, भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र देखभालीच्या कामादरम्यान चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती आणि जीवितहानी झाली नाही, हे आपले सुदैव. ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगाने जाणारे हे क्षेपणास्त्र सीमा ओलांडल्यावर काही मिनिटांतच जमिनीवर आदळले. ते कशासाठी आले आहे आणि त्यावर काय लादलेले आहे, हे ओळखण्यासाठी समोरच्या अधिकाऱ्यांकडे तेवढीच मिनिटे होती. भारत सरकारचा अधिकृत खुलासा दोन दिवसांनी, ११ मार्चला आला. पुढे ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. हाच प्रकार मे २०२५ मधल्या एखाद्या रात्री घडला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यानंतर किती संपादकीयांतून विचारला गेला?

‘दोघांकडेही बॉम्ब आहेत, त्यामुळे कोणीच वापरणार नाही’ या वाक्यावर आपण फार विसंबून राहतो. भारताचे धोरण प्रथम वापर न करण्याचे असले, तरी आपल्यावर अण्वस्त्र वापरले गेल्यास प्रचंड प्रत्याघात करण्याचेही आहे; पाकिस्तानने प्रथम वापर न करण्याची हमी कधीच दिलेली नाही आणि सुमारे ६० किलोमीटर पल्ल्याचे ‘नस्र’ हे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र रणांगणावर वापरण्याच्या उद्देशानेच तयार केले आहे. या दोन धोरणांमध्ये एका चुकीच्या आकलनासाठी भरपूर जागा उरते. सोव्हिएत संघात २६ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा यंत्रणेने दिला, तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तो खोटा मानला आणि तो खोटाच निघाला. पण योग्य माणूस योग्य वेळी कामावर असण्याला संरक्षणव्यवस्था म्हणता येत नाही.

युद्ध झालेच तर काय होईल, याबाबतचे आपले अज्ञान तर अधिकच गंभीर आहे. ७ मे २०२५ रोजी मुंबईसह महाराष्ट्रातील अनेक ठिकाणी नागरी संरक्षणाचा सराव झाला. सायरन वाजले, जखमींना हलवण्याची प्रात्यक्षिके झाली, काही ठिकाणी दिवे मालवले गेले. साध्या हवाई हल्ल्यासाठी हे उपयोगी आहे. परंतु हिरोशिमात सुमारे १५ किलोटनाच्या, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकांइतक्या ताकदीच्या, एका बॉम्बने शहरातील बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका मृत किंवा जखमी झाल्या होत्या आणि वर्ष संपेपर्यंत मृतांची संख्या सुमारे १ लाख ४० हजारांवर गेली होती. जळीतग्रस्तांना रुग्णालयात हलवायचे, तर रुग्णालय उभे असावे लागते आणि रुग्णवाहिकेला रस्ता असावा लागतो. एरवीही गंभीर भाजलेल्या एका रुग्णासाठी जळीत कक्षात खाट मिळवताना नातेवाइकांची किती धावपळ होते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी हजारो रुग्णांची कल्पना करून पाहावी. शिवाय संकट दोन देशांपुरते राहणार नाही. ‘नेचर फूड’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, भारत-पाकिस्तान अणुयुद्धातून उठणाऱ्या काजळीने सूर्यप्रकाश अडून जगभरची पिके बुडतील आणि २०० कोटींहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतील.

अमेरिका आणि रशिया यांच्या तैनात अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली, ही घटनादेखील आपल्याकडे दूरच्या देशांची बातमी म्हणूनच वाचली गेली.

संपादक महोदय, भीती पसरवावी असे मी म्हणत नाही. अणुकेंद्रांवर हल्ले न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार, १९९२ पासून भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलच्या आणि संसदेवरील हल्ल्याच्या वर्षानंतरही हा क्रम तुटला नाही. ही बातमी दरवर्षी आतल्या पानावर चार ओळींत येते. तिच्याबरोबर एक सविस्तर लेख देऊन, उरलेल्या त्रुटी वाचकांसमोर मांडता येतील. उदाहरणार्थ, चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक, म्हणजे उंच कमानीसारख्या मार्गाने जाऊन लक्ष्यावर कोसळणाऱ्या, क्षेपणास्त्रांपुरता आहे. ब्राह्मोस हे क्रूझ, म्हणजे विमानासारखे हवेतून इंजिनाच्या बळावर उडत जाणारे, क्षेपणास्त्र असल्यामुळे त्याची चाचणी या करारात येतच नाही. चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राची पूर्वसूचना कोणीच देऊ शकत नाही, हे मान्य. पण क्रूझ क्षेपणास्त्रे या करारात का आणली जात नाहीत आणि अपघात झाल्यास दुसऱ्या बाजूला काही मिनिटांत कळवण्याची बंधनकारक पद्धत का नाही, हे दोन प्रश्न आपल्या वृत्तपत्राने महाराष्ट्रातील खासदारांना नावानिशी विचारावेत आणि त्यांची उत्तरे छापावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा