बाबा, आजीच्या ओव्या जागेवरच आहेत

पुणे
बुधवार, रात्री

ती. बाबांना आणि ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी एवढं वाचा, मग चहा घ्या. कॉम्प्युटरवर ठेवलेल्या आजीच्या आवाजातल्या ओव्या जशाच्या तशा आहेत. एकही पुसलेली नाही.

काल आईनं सांगितलं, भाऊबीजेपासून तुम्ही त्या खोलीत बसलाच नाहीत. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय म्हणे. आणि तुम्ही तिला म्हणालात, "पोरीनं आईचा आवाज पुसला." ते ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. फोन केला असता तर तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळे झाला असता. पत्र मात्र तुम्ही दोनदा वाचता, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला न विचारता कॉम्प्युटरवरचा, ओव्या ऐकायचा जुना प्लेअर काढला, ही माझीच चूक. तुम्ही जेवून पडला होतात, उठेपर्यंत थांबायला हवं होतं. पण तो काढायचाच होता, बाबा, आणि आज विचारलंत तरी मी तेच म्हणेन.

पडद्यावर तो लाल चौकोन यायचा ना, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा म्हणून? तुम्ही चष्मा लावून तो नंबर दुधाच्या हिशोबाच्या वहीत उतरवून ठेवला होता. आईनं वही दाखवली आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्या नंबरवर बसलेली माणसं काही दुरुस्त करत नाहीत. गोड बोलून आणखी एक सॉफ्टवेअर टाकायला लावतात, त्यातून तुमचा अख्खा पडदा त्यांच्या हातात जातो, आणि पुढची पायरी बँकेच्या खात्याची. तुमची पेन्शन त्याच खात्यात येते. तो आकडा मी वहीत खोडलाय, रागवू नका.

मग कंट्रोल पॅनेल उघडून पाहिलं. काय केव्हा बसवलं त्याची तारीख तिथे असते. ज्या दिवशी तो प्लेअर बसला, त्याच दिवशी आणखी तीन नको त्या गोष्टी बसल्या होत्या. प्लेअर बसवताना माणूस 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो, आणि मधल्या एका पानावरच्या चौकोनांत आधीच बरोबरच्या खुणा करून ठेवलेल्या असतात. त्या काढल्या नाहीत की पाहुण्यामागून पाहुणे घरात शिरतात. एकेक करून चौघांनाही घालवलं. शेवटचं कॉम्प्युटर बंद करून चालू केल्याशिवाय जाईना, म्हणून आईला वाटलं वीज गेली.

दुकानातल्या मुलाला मी बोल लावत नाही. २०२२ साली आपण कॉम्प्युटर घेतला, त्या वर्षी व्हीएलसी नावाच्या चांगल्या प्लेअरचं मूळ संकेतस्थळच आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उघडत नव्हतं. त्यावरची बंदी नोव्हेंबरात उठली. त्यानं जे हाताला लागलं ते टाकलं असणार. आता मी मूळ जागेवरूनच व्हीएलसी घेऊन बसवलाय. तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे, फुकट कसं? पॅरिसच्या एका कॉलेजातल्या मुलांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. आजही जगभरची माणसं आपल्या वेळात ते सांभाळतात. जाहिरात नाही, पैसे नाहीत. कधी कुठल्या पानानं व्हीएलसीसाठी पैसे मागितले तर ते पान खोटं समजा आणि बंद करा.

आता ज्यामुळे तुमचा गैरसमज झाला ते सांगते. फाईलवर जे चित्र दिसतं ते फाईलचं नसतं, ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचं असतं. जुन्या प्लेअरचं निळं चित्र गेलं, त्या जागी रस्त्याच्या कामावर ठेवतात तसा नारंगी-पांढरा शंकू आला. तुम्ही फोल्डर उघडलं, सगळीकडे शंकू दिसले आणि तुम्हाला वाटलं, आपलं सगळं गेलं. बाबा, आपला टेपरेकॉर्डर दुरुस्तीला दिला होता तेव्हा कॅसेटी कपाटातच होत्या ना? हेही तसंच आहे. काढायच्या आधी मी फायली मोजल्या होत्या. अकरा कॅसेटी, दोन-दोन बाजू, बावीस फायली. नंतर पुन्हा मोजल्या. बावीसच. साडेसहा जीबीच्या आसपास जागा आधी होती, तेवढीच नंतर. शिवाय एक नक्कल पेन ड्राइव्हवर काढून आईच्या कपाटात, योगेश्वरीच्या फोटोमागे ठेवली आहे. दुसरी इथे माझ्याकडे आहे.

एक गोष्ट मात्र गेली, आणि ती तुम्हाला माझ्याकडूनच कळावी. तुम्ही लावलेला क्रम गेला. सकाळी आधी काकडा, मग दळणाच्या ओव्या, मग बारशाच्या, अशी जी यादी तुम्ही हळूहळू जमवली होती, ती त्या जुन्या प्लेअरच्या पोटात होती. काढताना त्यानं विचारलं, सेटिंग्जही पुसू का? मी घाईत 'हो' म्हटलं. नीट वाचलं नाही. आवाज सगळा आहे, पण ती मांडणी तुमची होती आणि ती माझ्या हातून गेली. याचं मला फार वाईट वाटतंय.

आठवेल तशी नवी यादी केली आहे. डेस्कटॉपवर डाव्या कोपऱ्यात 'सकाळ' नावाची फाईल आहे, तिच्यावर दोनदा क्लिक करा, ओव्या ओळीनं लागतील. ही यादी प्लेअरच्या पोटात नाही, वेगळी ठेवली आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती नावं एकाखाली एक दिसतील. उद्या व्हीएलसी काढला तरी ती राहील. तुमच्या फायली जिथे आहेत तिथून हलवू मात्र नका, नाहीतर यादीला त्या सापडणार नाहीत.

आणि हे ऐका. शब्द उतरवून घेताना तुम्ही पुन्हा पुन्हा मागे नेत बसता ना? कीबोर्डवरचा उघडणारा चौकोनी कंस दाबा. वेग थोडा कमी होईल. सेल उतरलेल्या टेपसारखा आवाज जाड होणार नाही, आजीचा आवाज आजीचाच राहील, फक्त ती सावकाश म्हणेल. 'बरोबर'ची (=) कळ दाबली की पुन्हा मूळ वेग. थांबवायला स्पेसबार. मी सगळं मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरखाली चिकटवलंय, टॉवेल काढला की दिसेल.

आवाज शंभराच्या पुढे नेऊ नका. व्हीएलसी त्याच्याही वर जातो, पण मग जात्याची घरघरच मोठी होते आणि शब्द फाटतात. ऐकू कमी येतंय हे कॉम्प्युटरचं दुखणं नाही, बाबा. टीव्हीचंही आई तेच सांगते. या आठवड्यात कान तपासून या. आई, तू सोबत जा, नाहीतर हे चौकातूनच परत येतील. बीपीची गोळी रात्री जेवल्यावर, दहानंतर त्या खुर्चीवर बसायचं नाही, आणि त्या लाकडी खुर्चीवर उशी घ्यायची. येसर संपलं असेल तर मुद्दाम करत बसू नकोस आई, तुझा खांदा बरा होऊ दे. मी मार्गशीर्षात देवीच्या उत्सवाला येते तेव्हा दोघी मिळून करू.

नवा प्लेअर नीट चालतो का ते बघायला त्या दुपारी मी हेडफोन लावून तिसऱ्या कॅसेटची मागची बाजू ऐकली. माळवदाखालची ती खोली, पहाटेची वेळ, दुहेरी घडीच्या गोधडीवर ठेवलेला टेप, म्हणजे जात्याची थरथर त्यात येऊ नये. तुम्ही लाल बटण आणि दुसरं बटण एकदम दाबता, खट्ट असा आवाज येतो. आजी घास टाकते, ओवी धरते, मध्येच थांबून विचारते, "लागलं का रं?" आणि तुम्ही अगदी हळू म्हणता, "हळू आई, माई झोपलीय."

मी झोपले नव्हते, बाबा. गोधडीतून सगळं ऐकत होते.

ही बाजू तुमच्या यादीत कितवी होती ते मला आठवत नाही. रविवारी सकाळी फोन करते, तेवढा क्रम सांगा. मी लिहून घेईन.

तुमची
माई