ठराव दिसतो, कारण दिसत नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

विद्यापीठांच्या कारभाराची चर्चा बहुधा निकालांचा गोंधळ झाला किंवा कुलगुरूंच्या नेमणुकीवरून वाद उठला की सुरू होते आणि प्रकरण निवळले की थांबते. एखादा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, सदस्यांपुढे कोणती टिप्पणी ठेवली होती आणि कोणी काय हरकत घेतली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने उभी केलेली रचना कागदावर तरी प्रातिनिधिक आहे. अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, प्राचार्य, अध्यापक व संस्थाचालकांच्या प्रतिनिधींबरोबर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य बसतात, शैक्षणिक बाबी विद्यापरिषदेकडे असतात आणि प्रशासन व पैशाचे बहुतेक निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतात. एक नोंदणीकृत पदवीधर म्हणून माझी तक्रार या रचनेविषयी नाही. तिच्या आत काय चालते याचा माग बाहेरच्या माणसाला लागत नाही, याविषयी आहे.

यांपैकी कोणत्याही अधिकार मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त काढून पाहावे. विषयाचा क्रमांक, एका ओळीत विषय आणि त्याखाली ‘चर्चेअंती सर्वानुमते असे ठरले की’ हे ठरलेले वाक्य. चर्चेत काय झाले, कोणता पर्याय का नाकारला, खर्चाचा अंदाज कोणी मांडला, यातले काहीही त्यात सहसा नसते. जी टिप्पणी वाचून सदस्यांनी मत बनवले, ती जोडपत्र म्हणून लावलेली नसते. शिवाय हे इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होईपर्यंत बाहेर येत नाही, आणि अधिसभेच्या बैठका वर्षातून दोनदाच होत असतील तर तोवर निर्णयाची अंमलबजावणीही होऊन गेलेली असते. संकेतस्थळावर जे चढवले जाते ते अनेकदा स्कॅन केलेले, आडवे-तिडवे पान असते, ज्यात एखादा शब्द शोधण्याचीही सोय नसते. याला प्रसिद्धी म्हणायचे असेल तर म्हणावे.

विषयपत्रिकेच्या शेवटी असणारा ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ हा मथळा तर विशेष लक्ष देण्यासारखा आहे. खरोखर निकडीच्या बाबीसाठी ही सोय हवीच. पण ज्या विषयाची टिप्पणी सदस्याच्या हाती बैठकीच्या टेबलावर पडते, त्यावर तो अभ्यास करून काय बोलणार? अधिनियमाच्या कलम १२(७) खाली कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी अधिकार मंडळाच्या वतीने निर्णय घेता येतो, आणि तातडी का वाटली याची कारणे त्या मंडळाला लेखी कळवावी लागतात. कायद्याने मागितलेली ही कारणे सर्वांना वाचता यावीत अशा ठिकाणी ठेवली, तर खऱ्या तातडीच्या बाबी कोणत्या आणि नुसत्या सोयीच्या कोणत्या, हे आपोआप दिसू लागेल.

कारणे न सांगता घेतलेल्या निर्णयांची किंमत आपण पाहिलेली आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय एकाच झटक्यात अमलात आणला, लाखो विद्यार्थ्यांचे निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. तंत्रज्ञान वाईट होते असे मी म्हणत नाही. यंत्रणेची पूर्वतयारी किती झाली आहे, ही शंका निर्णयापूर्वी कोणी कुठे मांडली आणि तिला काय उत्तर मिळाले, हे विद्यार्थ्यांना तेव्हा कळायला हवे होते. त्याच विद्यापीठाच्या अधिसभेची पदवीधर निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान दोन दिवसांवर आले असताना परिपत्रक काढून पुढे ढकलण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे २४ सप्टेंबरला मतदान झाले.

खरे तर यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे, परिषदा व समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, हे स्वतःहून जाहीर करायचे आहे, आणि तेही कायदा संमत झाल्यापासून १२० दिवसांच्या आत. महत्त्वाची धोरणे ठरवताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना त्यामागची कारणे देणे, हेही त्याच कलमात आहे. कोणी अर्ज केल्यावर ३० दिवसांत उत्तर देणे ही वेगळी जबाबदारी झाली. इथे अर्ज येण्याची वाटच पाहायची नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की चर्चा उघड झाली तर सदस्य मोकळेपणाने बोलणार नाहीत. नेमणुका, प्राश्निकांची नावे, शिस्तभंगाची प्रकरणे अशा बाबी गोपनीय राहाव्यात हे मान्यच आहे, आणि गरजेपुरत्या अपवादांची तरतूद माहितीच्या कायद्यात केलेली आहे. पण शुल्कवाढ, अभ्यासक्रमातील बदल, इमारतींचा खर्च आणि परीक्षापद्धती यांत गुप्त राखण्यासारखे काय आहे? केंब्रिज विद्यापीठात १८७० पासून निघणाऱ्या अधिकृत पत्रात प्रस्तावांवरील चर्चेतली भाषणे वक्त्याच्या नावासह छापली जातात, कुलगुरूंच्या धोरणावरील कडक टीकाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाला कायद्याने आपल्या बैठका खुल्या ठेवाव्या लागतात आणि नागरिकांना बोलायला वेळ द्यावा लागतो. तिथली माणसे आपल्यापेक्षा धीट असतात असे मानायचे कारण नाही.

तेव्हा कुलगुरूंनी निदान एवढे तरी परिपत्रक काढून करावे: विषयपत्रिका टिप्पण्यांसह बैठकीपूर्वी संकेतस्थळावर टाकावी, कच्चे इतिवृत्त ‘कायम होणे बाकी’ असा शेरा मारून १५ दिवसांत प्रसिद्ध करावे, विरोध नोंदवणाऱ्या सदस्याचे म्हणणे त्याच्या नावासह छापावे आणि मागील ठरावांवर काय कार्यवाही झाली हे त्याच पानावर दाखवावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही, कारण यातला प्रत्येक कागद सदस्यांसाठी किंवा दप्तरासाठी विद्यापीठ आजही तयार करतेच. आणि वर्षअखेरीस, कोणत्या मंडळात किती विषय ऐनवेळी आले व त्यांतील किती खर्चाचे होते, याची यादी अधिसभेपुढे अर्थसंकल्पाबरोबर ठेवावी.

आपला,
एक नोंदणीकृत पदवीधर